एका मांजरीच्या मायेतून सुरू झालेले बचावकार्य: आपला अनुभव काय?

शेवंतीची_आई (इंदिरानगर)

नमस्कार. आमची शेवंती मार्गशीर्षात गेली. अकरा वर्षे ती आमच्या घरात होती आणि शेवटची दोन वर्षे तिला मूत्रपिंडाचा विकार होता. रोज रात्री तिला मांडीवर घेऊन मी कातडीखाली सलाईन देत असे. सुई टोचताना ती माझ्या मनगटावर हनुवटी टेकवून डोळे मिटून घेई, आणि सलाईन संपले की अंग झटकून थेट ताटलीपाशी जाऊन बसे.

ती गेल्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मला तीन मांजरे दिसली. ‘दिसली’ हा शब्द मी विचारपूर्वक वापरते आहे, कारण वॉचमनकाकांनी सांगितले की ती दोन-तीन वर्षांपासून तिथेच आहेत. रोज सकाळी त्यांच्या शेजारून मी स्कूटर काढत होते आणि माझी नजर एकदाही त्यांच्यावर पडली नव्हती. आता मी दोन वेळा खाली जाऊन त्यांना खायला देते. त्यांपैकी एक तिरंगी भाटी (मादी मांजर) आहे आणि तिचे पोट वाढल्यासारखे दिसते. सासूबाईंचे म्हणणे आहे की आज तीन आहेत, उद्या तेरा होतील आणि घराचा पांजरपोळ होईल. त्यांचे म्हणणे मला चुकीचेही वाटत नाही.

म्हणून विचारते. आपल्यापैकी जे भटक्या मांजरांसाठी काम करतात, त्यांची सुरुवात घरच्या मांजरापासूनच झाली का? आणि मी शेवंतीची रिकामी जागा भरण्यासाठीच तर हे सारे करत नाही ना, ही शंका मला रात्री झोपू देत नाही. तसे असेल तर ते या मुक्या जिवांवर अन्यायाचे होईल का? शिवाय त्या भाटीचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

---

वाड्यातला_मुलगा (जुने नाशिक)

ताई, शेवंतीबद्दल वाचून वाईट वाटले. माझी सुरुवात सांगतो.

माझे बालपण भद्रकालीजवळच्या एका वाड्यात गेले. तिथे मांजर कोणा एकाचे नसे, ते सगळ्या वाड्याचे असे. ते कोणाच्या माळ्यावर व्याले, कोणाच्या चुलीमागे निजले, कोणाचे दूध सांडले, हे सगळ्यांना ठाऊक असे. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते, असे आजी म्हणत असे आणि आमच्या वाड्यात बिऱ्हाडेही नेमकी सात होती. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, ही ताकीद आम्हा सगळ्या मुलांना होती. मागे वळून पाहताना वाटते, ज्या काळी कायद्याची कलमे कोणाला पाठ नव्हती, त्या काळी त्या एका वाक्याने किती मांजरे वाचवली असतील.

पुढे वाडा मोडकळीस आला, भाडेकरू एकेक करून उपनगरांत गेले आणि एका उन्हाळ्यात वाडा उतरवायला घेतला. माझी मनी मी आधीच सिडकोतल्या नव्या घरी नेली होती. वाड्याचे शेवटचे दर्शन घ्यावे म्हणून गेलो, तर दिंडी दरवाजाच्या तुळया एका बाजूला रचून ठेवलेल्या आणि त्यांच्या पोटात एक करडी भाटी तीन पिल्लांना पाजत होती. कामगार भले होते, त्यांनी पिल्ले उचलून शेजारच्या ओट्यावर ठेवली होती. मात्र ती भाटी एकेकाला मानेला धरून पुन्हा त्याच तुळयांखाली आणत होती. मांजराची ओढ माणसापेक्षा जागेशी अधिक असते, हे मी त्या दिवशी शिकलो. जागाच नाहीशी होत असताना ते जनावर आपली पिल्ले जागेच्याच स्वाधीन करत होते.

दोन रात्री मी तिथे बसलो. बांबूची पाटी, जुने धोतर आणि कागदात सुकट. दुसऱ्या रात्री अडीचच्या सुमारास तिने स्वतःच तिसरे पिल्लू पाटीत आणून ठेवले आणि ती आत वळकटी करून बसली. माझी मनी घरी नसती तर मी त्या भाटीकडे पाहून हळहळलो असतो आणि निघून गेलो असतो. पण पाजणाऱ्या मांजरीचे डोळे कसे अर्धे मिटलेले असतात, हे मी माझ्या घरात पाहिले होते. त्यामुळे मला उठता आले नाही.

त्याला आता सोळा वर्षे झाली. वाडे अजूनही पडत आहेत आणि दर उन्हाळ्यात माझा फोन वाजतो.

---

मोगरी

वाड्यातल्या काकांचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या बाबतीत नजरेआधी कान बदलला. घरच्या मांजराची भुकेची हाक वेगळी, दुखण्याची वेगळी, हे एकदा समजले की बाहेरचे म्यांव म्यांव नुसता आवाज म्हणून ऐकूच येत नाही, त्याचा अर्थ लागू लागतो आणि मग खाली उतरावेच लागते.

---

मलमपट्टी (सातपूर)

मी चौदा वर्षे पशुवैद्यकीय दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करतो, त्यामुळे भाटीबद्दल आधी लिहितो, कारण तिथे वेळ महत्त्वाचा आहे.

मांजरीचा गर्भकाळ साधारण 63 ते 65 दिवसांचा असतो. दिवस मोठे होऊ लागले की भाट्या माजावर येतात, म्हणून संक्रांतीनंतर रात्री बोक्यांची भांडणे ऐकू येतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे पिल्ले दिसू लागतात. आपली भाटी याच फेरीतील असणार. तिला पिंजऱ्यात घेऊन आधी तपासून घ्यावे, पोट हाताने दाबून पाहू नये. दिवस कमी भरले असतील तर डॉक्टर नसबंदी करू शकतात. दिवस भरत आले असतील तर शस्त्रक्रियेत तिच्या जिवाला धोका वाढतो, तेव्हा तिला शांत जागी विऊ द्यावे आणि पिल्ले अंगावरून सुटली की लगेच शस्त्रक्रिया करावी. त्यात हयगय करू नये, कारण पिल्ले पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. तिची पिल्लेही चार ते सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकतात. सासूबाईंचे ‘तीनाचे तेरा’ हे गणित अचूक आहे. फक्त ते आपण खायला घालण्याने होत नाही, ते नसबंदी न करण्याने होते.

आणि हो, भाटी तिरंगी आहे म्हणून ती भाटीच, हे आपण बरोबर ओळखले. काळा आणि तांबूस हे दोन्ही रंग एकत्र येण्यासाठी दोन एक्स गुणसूत्रे लागतात, म्हणून तिरंगी बोका अत्यंत विरळा असतो.

---

कॉलेजरोडकर

माझे मत वेगळे आहे आणि ते मी कोणाचे मन दुखावण्यासाठी मांडत नाही.

आमच्या सोसायटीत एका भगिनींनी अशाच मायेने मांजरांना खायला घालण्यास सुरुवात केली. तीन वर्षांत मांजरांची संख्या चारावरून वीसच्या पुढे गेली. जिन्यात उरलेला दूधभात आंबत असे, मुंग्या आणि उंदीर येत, वाळूच्या ढिगात घाण होई. माझ्या नातीला एका मांजराने ओरबाडले. माझी सून तेव्हा गरोदर होती आणि मांजरांपासून गर्भाला अपाय होतो असे ऐकल्याने ती नऊ महिने जिन्याने उतरताना घाबरत असे. पुढे त्या भगिनी घर विकून पुण्याला गेल्या. मांजरे राहिली आणि अन्नाची वाट पाहत दारादारांत रडू लागली. त्यांच्या मायेचे ओझे आम्ही आणि ती मांजरे मिळून उचलत आहोत. आपले दुःख हलके करण्यासाठी एखाद्या जिवाला आपल्यावर अवलंबून करणे आणि मग निघून जाणे, याला मी दया म्हणू शकत नाही. शेवंतीच्या आईंनी स्वतःच विचारलेली शंका मला रास्त वाटते.

---

दवबिंदू (नाशिक रोड)

कॉलेजरोडकर काका, आपली तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. तरीही सूनबाईंच्या भीतीबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण त्या भीतीपोटी कितीतरी घरांतील मांजरे गरोदरपणात बाहेर सोडली जातात. टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो हे खरे आहे. मात्र पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडेच तो बाहेर पडत राहतो आणि बाहेर पडल्यावर किमान एक दिवस गेल्याशिवाय तो संसर्गकारक होत नाही. गरोदर स्त्रीने मांजराची माती स्वतः बदलू नये, घरातील इतरांनी ती रोज बदलावी, मांस नीट शिजवावे, भाजी स्वच्छ धुवावी. एवढी काळजी घेतली तर मांजराला घराबाहेर काढण्याचे कारण उरत नाही.

ओरबाडण्याची गोष्ट मात्र कधीही हलकी समजू नये. जखम लगेच साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. हळद किंवा चुना भरत बसू नये.

खाऊ घालण्याबद्दल सांगायचे तर 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सामुदायिक प्राण्यांना अन्न देण्याची जागा आणि वेळ ठरवून घ्यावी, ती जागा जिने, ये-जा करण्याच्या वाटा आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर असावी आणि देणाऱ्याने ती स्वच्छ ठेवावी, असे सांगितले आहे. म्हणजे जिन्यात दूधभात ठेवून निघून जाणे त्या नियमांतही बसत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, वैतागून मांजरांना विष घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली गुन्हा आहे.

---

कॉलेजरोडकर

माहितीबद्दल आभार. सूनबाईंना हे त्या वेळी कोणी समजावून सांगितले असते तर बरे झाले असते. आमच्या सोसायटीत आजही अकरा मांजरे आहेत. ती कमी व्हावीत एवढीच माझी इच्छा आहे, ती मरावीत अशी कधीही नव्हती.

---

गोदाकाठ (पंचवटी)

आमच्याकडे पूर किती आला हे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये गंगापूर धरणातून पाणी सोडले गेले आणि पाणी गल्लीत शिरले, तेव्हा आम्ही सामान वरच्या मजल्यावर नेत होतो. आमचा बोका खंड्या पाटीत बसवला होता, तो मात्र सारखा खिडकीकडे तोंड करून ओरडत होता. मी रागावलो. मग त्याच्या नजरेच्या रोखाने पाहिले, तर समोरच्या दुकानाच्या पत्र्यावर एक भिजलेले मांजर पंजे रोवून बसले होते आणि खाली पाणी वाहत होते.

दोन घरांमध्ये शिडी आडवी टाकून शेजारच्या मुलाने त्याला गोणपाटात धरून आणले. त्याच्या हातावर नखांचे सहा ओरखडे होते आणि तो हसत होता. ती जखम आम्ही धुतली, लसही घेतली. त्या मांजराला ठेवून घेतले नाही, पूर ओसरल्यावर ते आपल्या दुकानापाशी परत गेले. पण तेव्हापासून पावसाळ्यात पाणी सोडण्याचा इशारा आला की आम्ही चौघे-पाच जण टोपल्या आणि शिड्या घेऊन काठाच्या गल्ल्यांतून एक फेरी मारतो. याला बचावकार्य म्हणायचे का, मला ठाऊक नाही. खंड्या ओरडला नसता तर हे सुरू झाले नसते, एवढे खरे.

---

दोन_पावले (गंगापूर रोड)

हा प्रतिसाद लिहू की नको असा विचार तीन दिवस केला. सुरुवातीच्या काळात माझ्याकडून जे घडले ते शेवंतीच्या आईंकडून घडू नये म्हणून लिहिते आहे.

माझी पहिली मांजर कापूस. पांढरीशुभ्र, लाजाळू, पाहुणे आले की धान्याच्या कोठीमागे जाणारी. तिच्यावरच्या प्रेमापोटी मला रस्त्यावरचे प्रत्येक पिल्लू उचलावेसे वाटू लागले. एका संध्याकाळी भाजी आणायला गेले असता गटाराच्या कडेला एक पिल्लू सापडले. ते मलूल होते, नाक कोरडे होते. मी ते पदरात गुंडाळून घरी आणले, पुसले आणि कापूसच्या गादीवर ठेवले, कारण कापूस त्याला ऊब देईल असे मला वाटले. घरात तेव्हा आधीच आणलेली आणखी तीन पिल्लेही होती. कोणाचीही लस पूर्ण झालेली नव्हती. कापूस घराबाहेर जात नाही म्हणून तिची लस मी स्वतःच लांबवली होती.

ते पिल्लू दुसऱ्या दिवशी गेले. सहाव्या दिवशी पहिल्या पिल्लाने पिवळसर पाण्यासारखी उलटी केली. आठव्या दिवसापर्यंत तिन्ही पिल्ले पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसू लागली. तहान लागलेली, पण पिता येत नाही, अशी. तो पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग होता. तिन्ही पिल्ले गेली आणि दहाव्या दिवशी पहाटे कापूस गेली.

त्या रोगाचा विषाणू घरातल्या वस्तूंवर आणि फरशीवर वर्षभरसुद्धा टिकून राहू शकतो. फिनाईलने तो जाईल या समजुतीत मी घर पुसत होते, आणि फिनाईल मांजरांना विषारी असते हेही मला माहीत नव्हते. तो विषाणू मारायला पाण्यात मिसळलेले ब्लीच लागते. नवे मांजर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे लागते, त्याची भांडी, त्याचे कापड आणि आपले त्या खोलीतले कपडेसुद्धा वेगळे असावे लागतात. पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून पहिली लस द्यावी लागते आणि सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा द्यावी लागते. हे सगळे मला कापूस गेल्यानंतर समजले.

वर्षभर मी एकाही मांजराला हात लावला नाही. नंतर पुन्हा सुरू केले ते एका वहीपासून. त्या वहीत पहिल्या पानावर लिहिले आहे की एका वेळी एकच खोली आणि एकच वीण. आजही कोणी पिल्लू आणून दारात उभे राहिले आणि खोली भरलेली असली, तर मी नाही म्हणते, दुसऱ्या कोणाला तरी फोन करते, रात्री रडते, पण दार उघडत नाही. ताई, सासूबाईंना सांगा की मर्यादा तुम्ही आधीच ठरवली आहे, आणि ती खरोखरच आधी ठरवा.

---

मोगरी

दोन_पावले ताई, हे लिहिण्यासाठी किती बळ लागले असेल. माझ्या मांजराची राहिलेली लस आजच देऊन आणली.

---

शेवंतीची_आई (इंदिरानगर)

महिनाभराने लिहिते आहे, क्षमस्व.

मलमपट्टी दादांच्या सांगण्यावरून भाटीला तपासून घेतले. दिवस भरत आले होते, म्हणून शस्त्रक्रिया केली नाही. मागच्या अंगणाकडची छोटी खोली रिकामी केली, दारावर कागद चिकटवून ‘एक खोली, एक वीण’ असे लिहिले. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचले आणि काही न बोलता जुन्या लुगड्याच्या घड्या आणून दिल्या. भाटीने चार पिल्ले दिली. एक पिल्लू दुसऱ्या दिवशी बाजूला पडलेले आणि गार लागले. मी घाईने दूध पाजायला निघाले होते, पण फोनवर दादांनी थांबवले. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी ऊब द्यायची. कोमट पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवली. तासाभराने त्याच्या पायांचे तळवे गुलाबी झाले आणि त्याने तोंड उघडून हाक मारली, तेव्हा भाटी स्वतः उठून आली आणि त्याला चाटू लागली. रोज सकाळी चौघांना स्वयंपाकघरातल्या जुन्या वजनकाट्यावर ठेवते. ते लहानगे पहिल्या दिवशी 78 ग्रॅम होते, आज 290 आहे. गाईचे दूध दिले नाही, वरचे दूध लागले तेव्हा पिल्लांसाठीची पावडर वापरली आणि त्याला उताणे न धरता पोटावर ठेवूनच पाजले.

भाटीला घरात ठेवून घ्यायचे नाही असे ठरवले आहे. नसबंदी झाली की ती आपल्या पार्किंगमध्ये परत जाईल, जागा तिची आहे. पिल्लांपैकी दोघांसाठी घरे पाहिली आहेत आणि दोन्ही घरांकडून लस आणि नसबंदी करण्याचे लेखी घेतले आहे.

माझ्या मूळ शंकेचे उत्तर मात्र मला अजून मिळालेले नाही.

---

वाड्यातला_मुलगा (जुने नाशिक)

ताई, कॉलेजरोडकरांनी सांगितलेल्या भगिनी आणि आपण, या दोघींत दुःखाचा फरक नसावा. त्यांनाही कोणाची तरी आठवण येत असेल. आपण भाटीला परत सोडणार आहात, हे वाचून मला आपले उत्तर दिसले. शेवंतीची जागा भरायची असती तर आपण ही तिरंगी मांजरी ठेवून घेतली असती आणि तिचे नावही शेवंती ठेवले असते. रोज रात्री सलाईन देताना आपण एका मांजराच्या दुखण्यापाशी बसून राहायला शिकलात, आणि ते हात आता रिकामे आहेत. आपण जागा भरत नाही, हाताला काम देत आहात. माझी मनी जाऊन नऊ वर्षे झाली, तरी पाटीला हात घातला की मला आजही तिच्या वजनाची आठवण होते. तिला त्यात उणेपणा वाटत असेल असे मला कधीही वाटले नाही.

---

कॉलेजरोडकर

आमच्या सोसायटीच्या बैठकीत काल मी हा विषय मांडला. अन्नाची जागा मागच्या भिंतीपाशी आणि सकाळ-संध्याकाळची वेळ ठरली. अकरापैकी किती भाट्या आहेत हे आम्हाला ओळखता येत नाही. नसबंदीचा खर्च सदस्य वाटून घेतील, पण मांजरे पकडणार कोण? आमच्यापैकी कोणालाही अनुभव नाही.

---

मलमपट्टी (सातपूर)

काका, रविवारी मी येतो. माझ्याकडे दोन पिंजरे आहेत. शनिवारी रात्रीपासून कोणीही मांजरांना खायला देऊ नये, म्हणजे ती सुकटीच्या वासाने आत येतील आणि भुलीसाठीही पोट रिकामे राहील. पिंजऱ्याचे दार पडले की लगेच वरून जाड चादर टाकावी लागते, अंधार झाला की मांजर शांत होते. नसबंदी झालेल्यांच्या कानाचे टोक डॉक्टर भुलीतच किंचित कापतील, म्हणजे त्याच मांजराला पुन्हा पकडावे लागणार नाही.

---

शेवंतीची_आई (इंदिरानगर)

दादा, एक पिंजरा त्यानंतर मला मिळेल का? पार्किंगमधली दुसरी भाटी आणि बोका अजून राहिले आहेत. आणि काका, रविवारी चादरी धरायला माणूस लागणार असेल तर मीही येते.

---

कॉलेजरोडकर

अवश्य या. सकाळी साडेसहाला फाटकापाशी उभा राहतो. चादरी आमच्या घरून आणतो, सूनबाईंनी चार काढून ठेवल्या आहेत.